सुकती

सरांनी आंब्याच्या बागायतदारांसमोर माझा हात धरला, नाकाजवळ नेला आणि हुंगला. म्हणाले, "कालवं! वर्षभर ग्लोव्हज घालतेय, तरी वास जात नाही. आणि या हातांत आपली नॅनो टेक्नॉलॉजी."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

माझी आये भाट्याच्या खाडीत कातळाला चिकटलेली कालवं फोडते. मी रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये असिस्टंट होते. सरांना काचेवर सोन्याचांदीचे जोडकण बसवायचे होते, डोळ्यांना न दिसणारे. तशा काचेवर आंब्याच्या सालीच्या अर्काचा थेंब टाकला की फवारणीचं औषध लेझरखाली ओळखता येतं. पण कण काही टिकत नव्हते, धुतले की जात. आये म्हणायची, "कालव गुळगुळीत कातळाला धरत नाय गो." मी काच खरबरीत केली. आधी सोनं धरवलं. मग द्रावण हळूहळू ओसरत असताना चांदी सोडली. ती बरोब्बर सोन्यावरच जाऊन बसली. वहीत लिहिलं, 'चांदी सुकतीला सोडायची.'

सरांनी पेपर लिहिला. माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, "कालवंवालीचं नाव जर्नलमध्ये शोभतं का?" वही काढून घेतली आणि मला बाटल्या धुवायला बसवलं.

महिन्याभराने बागायतदार परत आले. सरांनी स्वतः केलेल्या काचा मांडल्या. पहिला थेंब पडला आणि सगळा थर पापुद्र्यासारखा सुटला. सरांनी त्यांच्यासमोरच मला ओरडून बोलावलं. "तुझ्या वहीप्रमाणेच केलंय. सुकती म्हणजे सुकवायचं ना? किती तास?"

अकरा वर्षं हा माणूस रत्नागिरीत राहतोय. सुकती म्हणजे ओहोटी, हे मासळी बाजारात कोणीही सांगितलं असतं. पण आमच्यासारख्यांना विचारायचं कसं? बागायतदार इथलेच, त्यांना अर्थ कळला होता. ते खाली बघत होते. या वेळी मी एकटीच हसले.

"सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"आधी पेपरवर माझं नाव. पहिलं."

"निघ."

ग्लोव्हज काढून टेबलावर ठेवले आणि निघाले. नोकरी गेली. सध्या आयेबरोबर खाडीत जाते. हाताला वास येतो, आता मी तो लिंबाने घासत नाही. वही त्यांच्याकडे आहे, पण त्यातलं सगळं मला पाठ आहे. पेपर मी लिहायला घेतलाय, माझ्या एकटीच्या नावाने. त्यात सुकती हाच शब्द असेल, आणि कंसात अर्थ देणार नाही.