देजे

आमच्या सुपरवायझरचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा. परदेशात, पेनरोजच्या त्या गोदामात तो आणि माझ्यासोबत पॅकिंगला असणारी मैत्रीण, दोघंही नायजेरियातले इग्बो. तो शहरात वाढलेला, ती न्सुकाकडच्या खेड्यातली. सकाळी ती त्याला "देजे" म्हणायची. नमस्कार, शाबास, आभार, तिच्या गावात सगळ्याला हाच शब्द.

"हे इग्बो नाही, गावंढळपणा आहे," तो सगळ्यांदेखत म्हणायचा. "दालू म्हण, दालू." दालू म्हणजे शहरी इग्बोतलं आभार.

मी अकोल्याची. "काय करून राह्यली?" विचारलं की माझ्या पुणेकर फ्लॅटमेट्स पोट धरधरून हसायच्या. "मराठीत बोल ना गं!" त्यामुळे असली माणसं मी लांबूनच ओळखते. सुपरवायझरची स्वतःची पोरं तर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत तोंड उघडत नव्हती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

मैत्रिणीची आई गावी होती. तिला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. नातीशी चार शब्द बोलता यावेत, एवढंच तिचं मागणं. नातीला "देजे" तेवढं यायचं; बाकीचं यावं म्हणून मैत्रिणीने तिला शनिवारच्या इग्बो वर्गात घातलं. शिकवायला कोण, तर हाच सुपरवायझर.

"नको घालूस," मी म्हणाले. "आहे तेही घालवेल तो."

"मग दुसरं कोण आहे इथे?"

काही महिन्यांनी एका शनिवारी त्या दोघींना वर्गावरून घेऊन मी फ्लॅट बुशला त्यांच्या घरी निघाले होते. मोटरवेवर आजीचा व्हिडिओ कॉल आला. मैत्रिणीने फोन मागच्या सीटकडे वळवला.

"देजे!" म्हातारी आनंदाने ओरडली. एरवी पोरगी तसंच ओरडून उत्तर द्यायची. आज इंग्रजीत म्हणाली, "आजी, हे खरं इग्बो नाही. सर म्हणाले."

म्हातारीला काहीच कळलं नाही. ती लेकीला विचारत राहिली. मैत्रीण हसून काहीतरी सांगू लागली. त्यातला मला एकच शब्द कळला, देजे. नात देजे म्हणाली, असं ती आईला खोटंच सांगत असावी. म्हातारी खूश झाली. "देजे, देजे," म्हणत राहिली.

"दालू," पोरीने मागून दुरुस्त केलं, अगदी त्याच्याच सुरात.

तो त्या वेळी गाडीपुढे आला असता, तर मी ब्रेक लावला असता का, सांगता येत नाही.