शैलाताईंच्या हातात लगाम

शैलाताई दोन मैत्रिणींना घेऊन फार्मच्या गेटमध्ये उभ्या होत्या. गळ्यात हारासारखा अडकवलेला नवाकोरा चामड्याचा पट्टा, हातात गरम कचोऱ्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर वर्गात पहिला नंबर आल्याचा आनंद.

"घ्या मॅडम! झाला तुमचा प्रॉब्लेम सॉल्व. चांगला हातभर जास्तीचा शिवून आणलाय. आता तंग कमी पडला म्हणायची सोय नाही."

मला काहीच कळेना. मी वळून राठौरजींकडे बघितलं, तर ते पाण्याच्या टाकीमागे निघून गेलेले. गडबड कुणी केली ते तेवढ्यावरच कळलं.

मी घोडेस्वारी शिकवते. उज्जैनच्या बाहेर क्षिप्रेकाठी राठौरजींचं फार्म आहे. नवख्या माणसाला आधी रिंगणात बसायला शिकवायचं, भीती मोडली की नदीकाठच्या वाटेनं दोन तास फिरवून आणायचं, हे माझं काम. हल्ली याला ट्रेल म्हणतात. फार्म राठौरजींचं, घोडे राठौरजींचे, आणि काही बिघडलं की डोकं माझं.

आदल्या रविवारी मी एका लग्नाला इंदूरला गेले होते. नेमक्या त्याच दिवशी या तिघी बुकिंगला येऊन गेल्या: शैलाताई, मंदाताई आणि रेखाताई. तिघी एकाच शाळेतल्या शिक्षिका, आता रिटायर. माधव नगरात राहतात, संध्याकाळी टावर चौकापर्यंत चक्कर मारतात. घोड्यावर बसून नदीकाठानं फिरायची टूम शैलाताईंची. बाकीच्या दोघी त्यांच्यामुळे आलेल्या. मंदाताईंनी तर सांगूनच टाकलं होतं, "शैला चढली तर आम्ही चढू. नाहीतर पोहे-जलेबी खाऊन घरी."

शैलाताई उंच आहेत आणि अंगानं भरपूर आहेत. राठौरजींचं अर्धं आयुष्य घोड्यांत गेलंय. या बाई आपल्या घोड्यांना झेपणार नाहीत हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. मग त्यांनी खोगिराचा पट्टा हातात धरून तोंड पाडलं आणि सांगितलं, "क्या बताऊँ मैडम, बाकी सब ठीक है, बस तंग छोटा पड़ रहा है."

तंग म्हणजे खोगीर जागेवर राहावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. घोड्याच्या पोटाखालून! वर कोण बसलंय याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. राठौरजींना वाटलं, बाई घरी जातील आणि विसरतील. शैलाताईंनी पर्समधून टेप काढून तंगाचं माप घेतलं होतं.

मी टाकीमागे गेले.

"ये क्या है भाईसाब?"

"आप ही बता दो ना मैडम. आप लेडीज़ हैं, आपसे अच्छा लगेगा."

"झूठ बोलते वक़्त लेडीज़ नहीं चाहिए थी?"

"अरे, एक दिन की तो बात है. बिठा दो बादल पे. दो घंटे में घोड़ा मर थोड़े जाएगा!"

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मरत नाही, बरोबर आहे. घोडा आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं ओझं पाठीवर आरामात नेतो, त्यात खोगीरही आलं. त्याहून जास्त घातलं तरी तो चालतो. ओरडत नाही, बसकण मारत नाही. दुसऱ्या दिवशी पाठीला हात लावला की अंग चोरतो, तेव्हा आपल्याला कळतं. बादल आमचा सगळ्यात दणकट घोडा, पण शैलाताई त्यालाही जास्त होत्या. कुणाच्याही हौसेसाठी मी हे करत नाही. राठौरजींना मी तसं दोन-चार शब्दांत सांगितलं. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग लिंबाखालच्या खाटेवर तिघींना बसवलं. मला गोडगोड बोलता येत नाही.

"ताई, या पट्ट्याचा काही उपयोग नाही. तो घोड्याच्या पोटाचा असतो. खरं हे आहे की तुमचं वजन आमच्या घोड्यांना जास्त होतंय. मी तुम्हाला घोड्यावर बसवू शकत नाही."

मंदाताई स्वतःच्या बुटांकडे बघायला लागल्या. रेखाताईंनी उगाचच कचोऱ्यांची पिशवी उघडली आणि परत बंद केली.

"एवढंच?" शैलाताई म्हणाल्या.

"हो."

"अहो, हे वजन रोज मीच घेऊन फिरते. मला नसेल का माहीत? त्या माणसानं तोंडावर सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं? चामडेवाल्याकडे तीन चकरा मारल्या मी! तो विचारायचा, मैडम, कौन सा घोड़ा है, हाथी है क्या?"

रेखाताईंना हसू फुटलं. शैलाताईही हसल्या. मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढून मांडीवर ठेवला.

"वाईट वाटलं पण. खोटं कशाला बोलू, खूप वाटलं." त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला फोटो-बिटो नको होते हो. चाळीस वर्षं यांच्या स्कूटरवर मागे बसले. ब्रेक कुठे मारायचा ते मी मागून सांगायचे, पण बसायचं मागेच. मुलाच्या कारमध्येही मागे. म्हटलं, आता रिटायर झालो. एकदा तरी लगाम आपल्या हातात असावा. आपण वळवू तिकडे जाणारं काहीतरी."

"मग आम्हीही नाही जात," मंदाताई म्हणाल्या.

"गप बस ग. तुम्ही दोघी जा. मी इथे बसून कचोऱ्या संपवते."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला जास्तच लागलं. इतकी वर्षं शिकवतेय, घोड्यावर बसायची अशी भूक मी फार थोड्या लोकांत बघितली आहे. बहुतेकांना तिसऱ्या मिनिटाला फोन काढायचा असतो. आणि जिला खरंच पाहिजे, तिलाच मी नाही म्हणत होते. मला स्वतःचाच राग आला, पण बादलच्या पाठीला तर त्यातलं काही समजणार नव्हतं.

समोर शेडमध्ये राठौरजींचा टांगा उभा होता. लग्नाआधी फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांसाठी घेतलेला. लाल रेक्झिनची सीट, दांड्यांना प्लास्टिकची फुलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि एकदम डोक्यात आलं, अरे, आपण वेडे आहोत का!

पाठीवर नेणं वेगळं आणि ओढणं वेगळं. पाठीवर जे ओझं घोड्याला बाधतं, त्याच्या कितीतरी पट तो चाकांवर ओढतो. भार चाकं घेतात, त्याला फक्त पुढे चालायचं असतं. म्हणून तर एकेकाळी तसलाच एक घोडा सबंध कुटुंब, वर ट्रंका, असं सगळं स्टेशनावरून घरी न्यायचा.

"शैलाताई, टांग्यातून याल?"

"म्हणजे परत मागे बसून? त्यापेक्षा ऑटो काय वाईट?"

"बसून नाही. हाकत."

"कोण हाकत?"

"तुम्ही."

बाई खाटेवरून उठूनच उभ्या राहिल्या.

राठौरजी अर्थातच आडवे आले. "क्लाइंट के हाथ में लगाम? कुछ हो गया तो? मेरा नाम ख़राब होगा."

"तंग वाली बात सारे माधव नगर में फैलेगी तो नाम नहीं होगा ख़राब? तीन टीचरें हैं, भाईसाब. सोच लो."

राठौरजींनी सोचलं. शेवटी अट घातली की शैलाताईंनी आधी शिकायचं, मग राठौरजींना मागे बसवून फार्मची एक फेरी मारून दाखवायची. त्यांनी पास केलं तर जायचं.

दुसऱ्या दिवसापासून शैलाताई सकाळी हजर, आणि बाकीच्या दोघी रिंगणात बसायला शिकायला. टांगा ओढायला चांदनी ही आमची शांत घोडी. पहिले काही दिवस टांग्यात मागे कुणी नाही. लोकांना वाटतं लगाम ओढायचा असतो. नाही. घोड्याचं तोंड फार नाजूक असतं. लगाम नुसता हातात जिवंत ठेवायचा, आणि वळायचं असेल तर बोटांनी सांगायचं. नवी माणसं घाबरली की खेचतात, आणि खेचलं की घोडा बिचकतो. शैलाताईंनी पहिल्या दिवशी दोनदा खेचलं. चांदनीनं मान झटकून त्यांना टांग्यासकट लसणाच्या वाफ्यात नेऊन उभं केलं.

"ही माझं ऐकत का नाही?"

"तुम्ही ओरडताय तिच्यावर. हातानं."

"बरं, मग तोंडानं ओरडते."

आणि त्यांनी सातवीच्या वर्गाला लावतात तो आवाज लावला. "चांदनी! सरळ!" घोडीनं कान ताठ केले आणि सुतासारखी सरळ चालायला लागली. माझा साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, हातातली बादली खाली ठेवून सावधान उभा राहिला. त्यानंतर मला फार काही शिकवावं लागलं नाही.

परीक्षेच्या दिवशी राठौरजी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी कठडा धरून बसले. राठौरजींचं वजन मी कधी विचारलेलं नाही, आणि कुणी विचारूही नये. शैलाताईंनी संपूर्ण फेरी मारली, विहिरीजवळचं अरुंद वळण घेतलं आणि टांगा बरोबर गेटपाशी उभा केला. राठौरजी उतरले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "ठीक है. मगर हेल्मेट पहनना पड़ेगा."

रविवारी निघालो. पुढे मी, माझ्या मागे बादलवर मंदाताई, सोनावर रेखाताई, आणि शेवटी टांगा. साईस त्याच्या बाजूनं चालत होता. थंडीचे दिवस. नदीवर धुकं अजून रेंगाळलेलं, दोन्हीकडे हरभरा आणि गहू, बांधावर मोर. पलीकडच्या काठावरून देवळातली घंटा ऐकू येत होती. बैलगाड्यांची वाट असल्यामुळे टांग्याला अडचण नव्हती. एका ठिकाणी आम्ही नाला पाण्यातून ओलांडला आणि शैलाताई पुढच्या लहानशा पुलियावरून वळसा घालून आल्या. वळशानंतर धुक्यातून आधी त्यांचा आवाज आला, मग चांदनीचे कान दिसले. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच माझ्या घोड्याला थोपटलं.

खरी मजा पुढे झाली.

पहिल्यांदा इतका वेळ घोड्यावर बसलं की मांड्यांचे असे स्नायू कामाला लागतात, जे जन्मभर झोपलेले असतात. तास झाला तशी रेखाताईंची बडबड बंद झाली.

"मॅडम, जरा उतरू का?"

"दुखतंय?"

"दुखत नाहीये. पाय आहेत का एवढं फक्त बघा."

मंदाताई जास्त मानी. दात-ओठ आवळून बसल्या होत्या. बादल हरभऱ्यात तोंड घालायला वाकला तेव्हा त्यांच्या तोंडून "आई ग!" इतक्या जोरात निघालं की मोर उडाले.

मागून टांगा आला. शैलाताईंनी बोटांनी लगाम घेतला, चांदनी थांबली. मग त्यांनी टेंपोवाल्यांसारखी हाळी दिली, "चला, माधव नगर, टावर, फ्रीगंज! दोन सवारींची जागा आहे! दोन सवारी!"

आम्ही दोघींना अक्षरशः काढून टांग्यात चढवलं. आता इथे एक धंद्यातली गोष्ट आहे. टांग्याला चाकं दोनच. मागे भार जास्त झाला की पुढचे दांडे वर उचलले जातात आणि घोड्याला धड चालता येत नाही. आमच्याकडे त्याला उलार होणं म्हणतात. मागे दोघी बसल्या तेव्हा मी घाबरून दांड्यांकडे बघितलं. दांडे अगदी पाहिजे तिथे होते. पुढे माझ्यासारखी काडी बसली असती तर मला वाटेतले दगड गोळा करून भरावे लागले असते.

मी तसं सांगितलं. शैलाताईंनी मागे मान वळवली.

"ऐकलंत ग? माझ्या वजनामुळे तुम्ही जमिनीवर आहात."

परत येताना मी आणि साईस एकेक रिकामा घोडा धरून मागे, आणि पुढे टांगा. तिघींचं शाळेच्या हेडमास्तरांपासून सुनांपर्यंत सगळं बोलून झालं. अर्ध्या वाटेत मंदाताईंच्या जिवात जीव आला.

"ए शैला, थोडं मला दे ना हाकायला."

"कचोरी माग, पाणी माग," शैलाताई समोर बघत म्हणाल्या, "लगाम मिळणार नाही."

मागून मला त्यांची नुसती पाठ दिसत होती. इतकी ताठ बसलेली स्वार माझ्या हाताखालून गेल्याचं मला आठवत नाही.

आता आमच्याकडे घोड्यांपेक्षा टांग्याला बुकिंग जास्त असतं. हाकायला शिकायला येणाऱ्यांत बायका जास्त. ही आयडिया आपली होती, असं राठौरजी सगळ्यांना सांगतात. सांगू देत. मी मात्र फोनवरच पहिला प्रश्न वजनाचा विचारते. काही जण फोन आपटतात. काही जण दहा-पंधरा किलो गाळून सांगतात, ते गेटमधून आत आले की दिसतंच. बाकीचे खरं सांगतात आणि येतात. वजन जास्त आहे हे सांगायला एक वाक्य लागतं. राठौरजींनी ते न सांगितल्यामुळे शैलाताईंचा अख्खा आठवडा चामडेवाल्याकडे गेला होता.