परीक्षक क्रमांक दोन

माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. देवरूखच्या बाजारात कुणाच्या काट्यावर आमचं प्रमाणित वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो ते लिहायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. त्यामुळे मुलगी म्हणाली, "पप्पा, फुटबॉलचा एक गेम तपासायचाय, दुसरा माणूस हवाय," तेव्हा मी खेळ कसा असतो हे न विचारताच हो म्हटलं.

काम गमतीचं नव्हतं. गेल्या वर्षी तिचं कॉम्प्युटरचं शिक्षण संपलं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीने तिला परीक्षा म्हणून अजून बाजारात न आलेला गेम पाठवला होता. वीस सामने खेळायचे आणि दोन गोष्टी सांगायच्या: खेळ खरा वाटतो का, आणि बलाढ्य संघ व दुबळा संघ यांच्यात जेवढा हवा तेवढाच फरक आहे का. अहवाल सोमवारी दुपारी बारापर्यंत. पसंत पडला तर इथेच घरी बसून काम. नाहीतर मुंबईला मामाकडे राहून मिळेल ती नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. ठरवणारा मी होतो. तिला जायचं नव्हतं, हे तिने एकदाच सांगितलं होतं.

सोमवार ते शुक्रवार, मी ऑफिसातून आलो की रोज चार सामने. एक सामना दहा मिनिटांचा.

खरेपणाबद्दल मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. आम्ही शाळेत असताना जांभ्याच्या मैदानावर खेळायचो. पडलं की गुडघा लाल व्हायचा, पण रक्ताने की मातीने ते धुतल्याशिवाय कळत नसे. इथे भर पावसात माणसं घसरत होती आणि कुणाचेही मोजे मळत नव्हते.

"मोजे राहू देत हो पप्पा. चेंडू बघा."

"चेंडूही बघतोय. ओल्या जमिनीवर कोरड्याइतकाच पळतोय."

तिने ते लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

फरक तपासण्याची पद्धत माझी होती. दोन पारड्यांच्या काट्यात खोट वाटली की आम्ही वजनांची पारडी बदलतो. जडपणा वजनाबरोबर गेला तर दोष वजनाचा, तिथेच राहिला तर काट्याचा. म्हणून पहिले दहा सामने दुबळा संघ माझ्याकडे, पुढचे दहा बलाढ्य संघ माझ्याकडे. पहिल्या दहांत मी सहा जिंकलो. पुढच्या दहांतही सहाच.

शुक्रवारी मी आकडे मांडले. संघ बदलला तरी यश हललं नाही. म्हणजे ते संघामुळे नव्हतं, खेळणाऱ्यामुळे होतं. मी सरळ वाक्य लिहिलं: "दोन्ही संघांत फरक जाणवत नाही. परीक्षक क्रमांक दोन अधिक कुशल आहे."

परीक्षक क्रमांक दोन म्हणजे मी.

रविवारी जेवणं झाल्यावर ते वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

"अहो, ती बोटं उचलते."

"कसली बोटं?"

"तुम्ही गोलापाशी पोचलात की ही बटणावरची बोटं उचलून गप बसते. पाच दिवस बघत्येय मी. मला वाटलं, तुम्हाला माहिती आहे."

मी मुलीकडे बघितलं. ती पंख्याकडे बघत होती.

"काय गो, खरं?"

"मग काय करू? हरलात की तुम्ही उठून जाता. दिवाळीत कॅरम अर्ध्यावर टाकून नारळाला पाणी घालायला गेलात. मला वीस सामने भरायचे होते पप्पा."

"मग वीसच्या वीस मलाच का नाही जिंकू दिलेस?"

"तुम्हाला संशय आला असता."

बायको हसत आत गेली. आतूनही हसणं ऐकू येत होतं.

मला राग आला होता, पण तो ठेवायला वेळ नव्हता. वीस सामने रद्द. खोटे आकडे पाठवू देणार नाही, हे मी तिला सांगितलं, आणि त्याबरोबर हेही दिसत होतं की आकडे न पाठवले तर तिची मुंबईची बॅग मीच भरल्यासारखं होईल. घड्याळात दोन वाजले होते. वीस सामने, दोनशे मिनिटं. साडेपाचच्या आत होत होतं.

"बोटं खाली ठेव," मी म्हटलं, "आणि माझ्यावर दया करू नकोस."

तिने केली नाही. पहिल्या दहांत, दुबळा संघ घेऊन, मी एकूण एक्केचाळीस गोल खाल्ले आणि दोन केले. त्यातला एक तिच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेला. चौथ्या सामन्यानंतर मी उठलो. ती नुसती बघत राहिली. मी पाणी पिऊन परत बसलो. पुढच्या दहांत, बलाढ्य संघ घेऊन, चोवीस खाल्ले आणि सात केले. एकही सामना जिंकलो नाही.

पण आकडे आता बोलत होते. सामन्यामागे आधी ३.९ गोलांनी हरलो, नंतर १.७ गोलांनी. कागदावर सोडवलं, तर दोन्हींची सरासरी, २.८ गोल, ही माझ्या अडाणीपणाची किंमत आणि तिच्यापासून दोन्हीकडचं अंतर, १.१, ही संघातल्या फरकाची. शिवाय तिच्या पासष्ट गोलांपैकी अडतीस एकाच रीतीचे: बाजूने उंच चेंडू टाकायचा आणि डोक्याने मारायचा. बचावाला उभे असलेले बघतच राहायचे. खेळातली खरी खोट ती होती.

अहवालात तिने सगळं लिहिलं. "पहिले वीस सामने रद्द, कारण परीक्षक एकने परीक्षक दोनला जिंकू दिले," हे वाक्य तिला गाळायचं होतं. मी गाळू दिलं नाही. ती म्हणाली, "ह्या वाक्याने माझं काम गेलं तर?" वाक्य तसंच गेलं, सोमवारी सकाळी नऊला.

गुरुवारी तिची व्हिडिओवर मुलाखत झाली. मी दाराआड उभा होतो, बायको माझ्या मागे. समोरच्या बाईंनी त्या रद्द सामन्यांबद्दल विचारलं आणि मुलीने कॅरमसकट सगळं सांगितलं. बाई बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, तीन महिने काम करून बघू, घरूनच करा.

"एक विचारू? नवख्या खेळाडूला खेळ कसा वाटतो, हे आम्हाला नेहमी बघावं लागतं. तुमचे वडील पुढेही मिळतील का? इतकं नियमित हरणारं माणूस आमच्याकडे नाही."

मुलीने मान वळवून दाराकडे बघितलं. मी हाताने सांगितलं, मिळेल म्हणावं, पण सहानंतर.