'रेटा' हा शब्द माझा नव्हता

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला वाटतं, आपला नवरा हाडाचा शिक्षक. साकोलीच्या बस स्टँडवर अजूनही एखादा जुना विद्यार्थी पाया पडतो, म्हणतो, सर, तुमचं विज्ञान विसरलो नाही. मी हसतो. आणि ते हसणं मला आता पेलत नाही — म्हणून सांगतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी साकोलीच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचो. मराठीला सुनंदा मॅडम होत्या — करडी गावच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या, वयानं माझ्याहून लहान. एक दिवस स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "सर, तुमच्या तासाले मागं बसू का?" मला गंमत वाटली. बसा म्हणालो.

द्रवाचा दाब चालू होता. मी फळ्यावर धरणाची भिंत काढली — तळाशी जाड, वर बारीक — आणि कारण विचारलं. शेवटी एक मुलगी उठली. "सर, पाणी तं खाली दाबते. बाजूनं कायले दाबन?"

मी चिडलो. पुस्तकात दिलंय, पाठ करा, म्हणालो. दरवर्षी हेच म्हणायचो.

तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्या पोरीचं चुकलं नाही, सर. दाब म्हटलं की आपल्याकडे वरून खालीच. 'रेटा' म्हणून पाहा बरं."

दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं. तलावाच्या पाळीला पाण्याचा रेटा कुठं जास्त लागतो? अर्धा वर्ग ओरडला, "बुडाशी!" पाळीवर, तलावाच्या त्या बांधावर, खेळून वाढलेली पोरं ती. 'दाब' हा शब्द मी मग आणला, आणि तो आपसूक बसला. इतकी वर्षं शिकवत होतो — वर्गाला समजतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, हे मला माहीत तरी होतं का?

मग मॅडम आणि मी एकत्र बसू लागलो. मी त्यांच्या तासाला जाऊन धुक्याच्या कवितेआधी धुकं कसं बनतं ते सांगितलं. भूगोलाचे सर आले, गणिताच्या बाई आल्या. त्यांनी गुणोत्तर आधी घेतलं तर माझा घनतेचा धडा सोपा जातो — एकाच शाळेत असून हे आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी मुख्याध्यापकांकडे एकत्र बसण्यासाठी आठवड्याचा एक तास मागितला. बैठक बसली. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "आता मराठीच्या बाई विज्ञान शिकवून राहिल्या काय?" सगळे हसले. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा सर. तुम्हाले काही फायदा झाला का?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. काय गेलं असतं माझं? पण माझ्याच विषयात मला मराठीच्या बाईंनी शिकवलं — हे त्या हसणाऱ्यांसमोर —

"तसं विशेष काही नाही," मी म्हणालो. "मले ते आधीपासून माहीतच होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तास मिळाला नाही. भूगोल भूगोलात गेला, गणित गणितात. मॅडम पुन्हा माझ्या वर्गात आल्या नाहीत. बोलणं मात्र तोडलं नाही. समोर आल्या की नमस्कार करायच्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मी? मी 'रेटा' शिकवतच राहिलो. निकाल सुधारला, नाव झालं. प्रशिक्षणांत इतर शिक्षकांना तो शब्द दिला — माझी युक्ती म्हणून.

आता मी निवृत्त आहे. मागच्या महिन्यात शाळेनं बोलावलं. विषय एकमेकांशी जोडून शिकवा, असं आता वरूनच आलंय. नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करा, म्हणाले. मी तासभर बोललो. समोर हसणारं कुणी नव्हतं. सुनंदा मॅडम करडीला आहेत, चांगल्या धडधाकट आहेत, हेही मला ठाऊक होतं. एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "सर, तुम्हाला हे सुचलं कसं?"

मी म्हणालो, "अनुभवातून."