क्लचचा रकाना

रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको नवी मोटारसायकल बघत हिंडत होतो. आज सांगितलं तर लोकांना वेडेपणा वाटतो. पण त्या वर्षी पाणी आणायचं म्हणजे गाडी लागायचीच. बोअर आटलं होतं. दिवसाआड टँकर यायचा तिथं जायचं, वीस लिटरचे दोन कॅन गाडीला दोन्हीकडून लटकवायचे आणि तिसरा मी मागं बसून मांडीवर धरायचा.

ते कलेक्टर ऑफिसात होते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा विशीत लिपिक म्हणून लागले. "जिल्हा आन् मी एकाच बॅचचे," असं कुणालाही सांगायचे. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. मी शाळेत विज्ञान शिकवत होते.

जुन्या गाडीचा क्लच जड झाला, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. मिस्त्रीनं केबल बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाला, "साहेब, केबल नवीकोरी हाय. लोण्यावानी चालून राहिली."

मी त्याला झापलं. "रोज तुम्ही चालवता का? चालवतात ते. त्यांना कळणार नाही?"

गाडी बारा वर्षांची झाली होती. नवीच घ्यायची ठरली. गरज साध्या गाडीची होती, पण त्यांचा जीव मोठ्या गाडीत. "रिटायर झालो की तुला मागं बसवून किनवटपासून गोव्यापर्यंत नेतो," म्हणाले.

"मागं जागा किती, ते आधी बघू," मी म्हटलं.

शाळेतली अर्धी कोरी वही घेतली आणि रकाने आखले. सीटची उंची, वजन, मायलेज, मागची सीट, साडी गार्ड, क्लच. मला तोंडी कौतुक चालत नाही.

लातुरात पहिली क्रूझर बघितली. बसायला खाली, पाय पुढं सोडायचे, आरामखुर्चीसारखी. मागची सीट मात्र उतरती. मांडीवरचा कॅन घेऊन मी मागच्या मागं घसरले असते. त्यांनी क्लच दाबून बघितला. "लई जड हाय." मी लिहिलं, जड.

मग टूरिंगची, लांबच्या प्रवासाची गाडी. उंच, पण सीट सलग आणि रुंद, दोन्ही बाजूंना सामानाच्या जाळ्या. त्या जाळ्यांत कॅन बरोबर बसले असते. मला तीच पसंत होती. "हिचा त्याच्याहून जड," ते म्हणाले. आणखी दोन दुकानांत दोन गाड्या बघितल्या. जड, जड. एका दुकानदारानं समजावलं, "काका, मोठं इंजिन आहे, एवढं राहणारच." मलाही ते पटलं. चालवून बघा म्हटलं तर म्हणायचे, "रस्त्यावर गर्दी हाय, ऱ्हाऊ दे."

दुकानातून बाहेर पडताना ते डावा हात झटकायचे. कॅन उचलून उचलून दुखतोय, असं मी धरून चालले. त्या वर्षी आमच्या गल्लीत हात चोळत नाही असं माणूस नव्हतं. शेजारीण मनगटाला फडकं बांधून फिरायची. माझेही पंजे आखडायचे. गावाचेच हात दुखत असताना घरातला एक हात वेगळा काढून कोण बघतं? सकाळी त्यांच्या शर्टाचं बटण मी लावून द्यायचे, आणि "आता हेही मीच करायचं का," म्हणून कुरकुरायचे.

माहेर नांदेडचं. तिथं एका दुकानात आलेल्या स्पोर्ट गाडीचा क्लच एकदम हलका आहे, असं भावानं फोनवर सांगितलं. रविवारी एसटीनं गेलो. दुकानातल्या मुलीनं एका बोटानं क्लच दाबून दाखवला. "बघा काका, लेकरानंही दाबावा."

ते वाकून बसले. चार बोटं टाकली. क्लच निम्मा आत गेला आणि परत आला. मग त्यांनी डाव्या हातावर उजवा ठेवून दाबला.

"जड हाय," म्हणाले.

"नाही हो काका, हा तर..." ती मुलगी बोलता बोलता थांबली.

"सरका, मी बघते," मी म्हटलं. निऱ्या आवरून चढले, दोन बोटांनी दाबला. थेट मुठीला टेकला. कात्रीला लागतो तेवढाही जोर लागला नाही.

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी सांगायचे, सगळ्याच वस्तूंचं वजन एकाच बाजूला चुकायला लागलं, की वस्तू बाजूला ठेवा आणि तराजू तपासा. माझ्याच अक्षरातले चार जड माझ्या हातातल्या वहीत होते.

मी उतरले. "खरंच जड आहे. आणि मागची सीट पाटाच्या निम्मी. चला." तिथंच उभं राहून पाचवा जड लिहिला.

हैदराबादच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव पुढच्या महिन्यात सांगितलं. आधी हात, मग पाय, मग गिळणं. निवृत्तीची तारीख त्यांनी बघितली नाही. मिस्त्रीकडे जाऊन, तुम्हाला उगाच बोलले, एवढं मी सांगून आले.

पण त्या रविवारी परतताना बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली होती. ते माझ्याकडं वळले. म्हणाले, "वही दे." खिशातलं पेन उजव्या हातानं काढलं. वही मांडीवर ठेवली. पाचव्या 'जड'वर एकच सरळ रेघ मारली, वर 'हलका' लिहिलं, आणि ऑफिसात खाडाखोडीशेजारी करतात तशी छोटी सही करून तारीख टाकली.

"रेकॉर्ड चुकीचं ठेवू नये," म्हणाले. "मास्तरीण हायेस तू."

मी खिडकीबाहेर बघत होते.

"चहा घेतीस?"

"हाव."

ते खाली उतरले. टपरीवरून माझा कप आणून दिला. मग पुन्हा गेले आणि स्वतःचा आणला.