चकचकीत पत्रिकेवर हळद टिकत नाही

मंडळी, आज दुकानात डोकं पार फिरलं.

लातुरात माझं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात उदगीरचे एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. मी साधा, खरखरीत कागद दाखवला. काका म्हणाले, "हा लई फिका दिसून राहिला. व्याह्यांची पत्रिका चकचकीत हाय, आपली बी तशीच पाहिजे." चकचकीत कागदावर पेनाची शाई धरत नाही, हे सांगून मी थकलो. ऐकलं नाही.

आज सकाळी काका-काकू सगळा गठ्ठा घेऊन हजर. घरी पहिल्या पत्रिकेला ओली हळद लावून ती देवापुढं उभी केली, तर हळद ओघळून नवरीच्या नावावर आली. पाहुण्यांची नावं लिहिली, ती बोटानं पुसली गेली.

काकू माझ्यावरच चिडल्या. "आम्हाला कागदातलं काय कळतंय? तुम्ही न्हाई म्हणायचं की."

दिवसभर साध्या कागदावर पुन्हा छापून राहिलोय. तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. काउंटरवरची तीच हळद ओघळलेली पत्रिका उचलून म्हणालं, "हाच कागद द्या. ह्याहून चमकणारा असला तर तो दाखवा."

आता तुम्हीच सांगा, न्हाई कसं म्हणायचं?