शेवटचा क्वार्टर गॅरेजमध्ये

माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून आमच्या कॉलेजच्या एकाही फुटबॉल मॅचचा शेवट परवापरवापर्यंत पाहिलेला नव्हता. शेवटच्या क्वार्टरला, म्हणजे मॅचच्या शेवटच्या पाव हिश्शाला, ती गॅरेजमध्ये असायची.

लगेच महिला मंडळाला फोन लावू नका! यामागे शास्त्र आहे. लग्नानंतर मृणाल पुण्याहून इकडे अमेरिकेत आली, त्या पहिल्याच शनिवारी आम्ही हरत होतो. ‘आम्ही’ म्हणजे मी जिथं एमएस केलं ते मिडवेस्टातलं कॉलेज. (मी स्वतः त्या लांबट चेंडूला कधी हातही लावलेला नाही, पण जिंकतो-हरतो आम्हीच.) मृणालला कंटाळा आला, ती कपडे धुवायला बेसमेंटमध्ये गेली, आणि ती जिना उतरते न उतरते तोच आमच्या पोरांनी टचडाऊन केला! पुढच्या शनिवारी पुन्हा हरायला लागलो. मी विचारलं, "मृणाल, धुवायचे कपडे आहेत का गं?"

"कालच धुतले."

"मग तेच परत धू ना!"

ती गेली. आम्ही जिंकलो. विषय संपला.

हे मी काही अमेरिकेत शिकलो नाही. आमच्या नागपूरच्या घरात क्रिकेट चालू असताना कोणी जागा बदलली की खून पडायचाच बाकी राहायचा. एकदा धाकटे काका तोंडात पेस्टचा फेस घेऊन न्हाणीघराच्या दारात उभे असताना सिक्स बसला, तर मॅच संपेपर्यंत त्यांना थुंकू दिलं नव्हतं. तेच रक्त माझ्या अंगात आहे. मी फक्त खेळ बदलला.

पुढं आम्ही चँडलरला घर घेतलं आणि बेसमेंटची जागा गॅरेजनं घेतली. सप्टेंबरातलं अ‍ॅरिझोनाचं गॅरेज! तिथं पापड न भाजता फुगतात. मृणालनं आधी एक खुर्ची नेली, मग टेबलफॅन, मग लॅपटॉप. शनिवार-शनिवार करत तिनं तिथं बसून डेटा अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेट मिळवलं आणि आज तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. पण याचं श्रेय फुटबॉलला ती देत नाही.

आमच्या लेकीची, सईची, जागा जिन्यावर. ती चार वर्षांची असताना तिसऱ्या पायरीवर बसून मारी बिस्किट खात होती, तेव्हा आम्ही एक अशक्य मॅच जिंकलो होतो. तेव्हापासून तिसरी पायरी सईची. गुडघे हनुवटीशी घेऊन बसायची आणि दर जाहिरातीला विचारायची, "बाबा, व्हाय डू दे कीप स्टॉपिंग?" मी समजावायचो, ती ऐकायची नाही, पुढच्या जाहिरातीला पुन्हा तोच प्रश्न. पाय लांब झाले, ती दोन पायऱ्या व्यापायला लागली, पण जागा सोडली नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले शनिवार ते. बरेचसे आम्ही हरलो, तरीही.

कॉलेज फुटबॉलबद्दल माझी ठाम मतं आहेत आणि ती मी कोणी न विचारता सांगतो. बँडशिवाय मॅच म्हणजे वाजंत्रीशिवाय लग्न. मॅच दुपारच्या उन्हातच व्हायला हवी, टीव्हीवाल्यांच्या सोयीनं नाही. आणि पूर्वी पोरगा एका कॉलेजात आला की चार वर्षं तिथंच मार खायचा! आता जरा बरं बोलावणं आलं की निघाला दुसरीकडे. निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही! हे मी एकदा जेवताना टेबलावर मूठ आपटून म्हणालो, तर मृणाल म्हणाली, "आणि तू नागपूर सोडून इकडे आलास, ते काय होतं?"

मी म्हणालो, "वरण छान झालंय."

तर अशा घरात वाढलेली आमची सई कुठं गेली शिकायला? ‘त्या’ कॉलेजात. आमचं आणि त्यांचं वैर आमच्या आजोबांच्याही आधीचं. (आजोबा अमरावतीला होते, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.) आमचा रंग हिरवा, त्यांचा जांभळा. त्यांचं विजयगीत टीव्हीवर लागलं की मी आवाज बंद करतो. आमच्या घरात त्या रंगामुळे वांग्यांकडेसुद्धा मी संशयानं बघतो.

"बाबा, त्यांचा मार्चिंग बँड बेस्ट आहे," सई म्हणाली. ती शाळेपासून क्लॅरिनेट वाजवते. पहाटेच्या सगळ्या प्रॅक्टिसना मीच ड्राइव्ह केलेलं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? ती गेली. पहिल्या शनिवारी मी मॅच लावली, मृणालला वेळेवर गॅरेजमध्ये पाठवलं, आणि तिसऱ्या पायरीकडे बघितलं तर तिथं धुतलेल्या टॉवेलांची चळत होती. ती मॅच आम्ही हरलो. पुढचीही. लोक कोचला शिव्या देत होते. मला कारण माहीत होतं, पण असं फोनवर कसं सांगायचं पोरीला?

मग आली त्या दोन कॉलेजांची आपसातली मॅच. तीही त्यांच्या मैदानावर. सईचा फोन आला.

"बाबा, तू आणि आई या ना. बँडच्या पेरेंट्सना सीट्स आहेत. पण एक प्रॉमिस कर. नो ग्रीन."

"नो ग्रीन," मी म्हणालो.

"आणि फक्त स्कोअर बघू नको. मला ऐक. मी खूप प्रॅक्टिस केलीय."

मी शब्द पाळला. हिरवा स्वेटशर्ट कोणालाही दिसणार नाही असा जाकिटाच्या आत घातला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

मॅचआधी टेलगेट असतं, म्हणजे पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून सगळ्यांनी मिळून खायचं. बँडच्या पालकांमध्ये मृणालनं मिसळ कबूल केली होती. घडीचं टेबल, मोठं पातेलं, फरसाणाचा परात भरून ढीग, सगळं घेऊन आम्ही पोचलो तर मुंगीला जागा नाही! लोक एकमेकांच्या मांडीवर बसायचे बाकी होते. आणि मधोमध, झाडांच्या सावलीत, एक लांबलचक रस्ता चक्क रिकामा!

"बघ," मी मृणालला म्हणालो, "एवढी जागा मोकळी आणि एकालाही दिसू नये! इतकी वर्षं टेलगेट करतायत हे लोक."

"अरे, पण कोणीच का नाहीये तिथे?"

"तू या गोष्टीत पडू नको. मला परंपरा माहीत आहेत."

टेबल मांडलं. पातेल्याखाली शेगडी पेटवली. तर्रीचा वास सुटला तशी जांभळी टोपी घातलेली एक आजीबाई कडेवरून म्हणाली, "हनी, आय वुडन्ट." मला वाटलं, तिला तिखट चालत नसावं. मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, दही आहे!"

तेवढ्यात ढोल वाजले.

जगातल्या प्रत्येक मार्चिंग बँडची एक परंपरा असते. मॅचआधी तो वाजवत, ठरलेल्या रस्त्यानं, स्टेडियमपर्यंत जातो. तो थांबत नाही. तो वळत नाही. त्याच्या रस्त्यात कोणी उभं राहत नाही. हे सगळं मी चँडलरमधल्या समस्त मराठी मंडळाला चहावर समजावून सांगितलेलं आहे! आणि आता वळणावरून पांढऱ्याशुभ्र पँटींची एक भिंत माझ्या लालभडक तर्रीच्या दिशेनं येत होती.

मृणालनं झटकन शेगडी विझवली. "उचल!" ती ओरडली.

"काय, पातेलं?"

"टेबल उचल, टेबल! पातेल्यासकट!"

तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. कडेला जायचं, तर कडेला माणसांची दाटी. मागं जायचं, तर मागं ट्रॉम्बोन. बँडच्या रांगा दोन्ही बाजूंनी आल्या, आमच्याभोवती सफाईनं दुभंगल्या, पुन्हा जुळल्या, आणि आम्ही मधे! आता थांबलो तर मागचा चिरडणार. म्हणून आम्ही चालायला लागलो. पुढं ढोल, मागं तुतारीवाले, आणि मधे एक पुणेरी बाई आणि नागपुरी माणूस, पालखी न्यावी तसं मिसळीचं पातेलं घेऊन शत्रूच्या विजयगीतावर निघालेले! कडेचे लोक टाळ्या वाजवायला लागले. फोन बाहेर निघाले. कोणीतरी ओरडलं, "आय लव्ह द सूप पीपल!"

मी हात हलवणारच होतो, पण हात टेबलाला. आणि त्या ओढाताणीत जाकिटाची चेन सुटली.

जांभळ्या समुद्रात हिरवं पोट! टाळ्यांचं एका क्षणात ‘बूऽऽ’ झालं. कोणीतरी मक्याच्या लाह्या मारल्या, त्या फरसाणात पडल्या.

आणि तेव्हा मला ती दिसली. माझ्या अगदी शेजारच्या रांगेत, पिसाची टोपी, ओठांत क्लॅरिनेट, नजर समोर. बँडमध्ये नजर समोरच ठेवायची असते, पण कान लाल झालेले मला दिसत होते. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी तिच्या सगळ्या कॉलेजसमोर पातेलं घेऊन मिरवत होतो. जीव नको झाला. एका जागी क्लॅरिनेटना विश्रांती होती. सईनं वाद्य ओठांवरून काढलं आणि समोरच बघत हळूच म्हणाली, "बाबा. लेफ्ट फूट. डावा पाय आधी."

मी पाय बदलला. टेबलाचं हिंदकळणं थांबलं. तर्री सांडायची थांबली. स्टेडियमच्या फाटकापर्यंत मी माझ्या लेकीच्या शेजारून, तिच्या पावलाला पाऊल जुळवून चाललो. लहानपणी ती माझ्या पावलांवर उभी राहून घरभर फिरायची. आता ती शिकवत होती. तो रस्ता आणखी लांब असता तर मला चाललं असतं.

फाटकावर बँड आत गेला आणि गार्डनं आम्हाला अडवलं. पातेलं आत नेता येणार नाही! गाडी तर पार लांबच्या पार्किंगमध्ये, आणि मॅच सुरू व्हायला आलेली. मृणाल सवयीनं टेबल भिंतीकडेला सरकवायला लागली. "तू जा. मी थांबते बाहेर. मला प्रॅक्टिस आहे."

हे ती जराही टोमणा न मारता म्हणाली. तेच लागलं मला.

"नाही," मी म्हणालो. "तू जा. नीट ऐक तिला. मी थांबतो."

बाहेरून मॅच ऐकण्याचं एक तंत्र आहे. आतून गर्जना आली की आम्ही मार खातोय, शांतता झाली की आमचं बरं चाललंय. सगळा वेळ गर्जनाच गर्जना! मधल्या सुट्टीत बँड वाजला. मी भिंतीला कान लावला. त्या एवढ्या वाद्यांत मला सईचं क्लॅरिनेट वेगळं ऐकू आलं. (शक्य नाही म्हणता? नसेल. मला आलं.)

आणि अगदी शेवटी, एकदम, आख्खं स्टेडियम गप्प. इतकं गप्प, की पातेल्यावरचं झाकण वाऱ्यानं वाजलेलं ऐकू आलं. आम्ही जिंकलो होतो! मिठी मारायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून मी पातेल्याला मारली.

मृणाल धावतच बाहेर आली. केस विस्कटलेले, गाल लाल. "अरे! शेवट इतका भारी असतो?! शेवटच्या सेकंदाला त्या पोरानं पकडला काय, पळाला काय! इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

मग सई आली. टोपी काखेत, डोळे रडून सुजलेले. तिची टीम हरली होती. मी नाचायला हवं होतं, पण पोरीचं तोंड बघून माझे पाय हलेनात. मी तिला गार मिसळ वाढली. मक्याच्या लाह्यांसकट.

"जिंकलात ना? खूश हो की, बाबा."

"तुझी पायरी रिकामी असते गं," मी एकदम बोलून गेलो.

सई खाताखाता थांबली. "आय नो. आई फोटो पाठवते. तिथे टॉवेल्स ठेवू नका ना, यार." मग तिनं नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत एक चमक आली, जी मी ओळखतो, कारण ती नागपूरची आहे. "वेट. आज आई शेवटापर्यंत आत होती. आणि बाबा बाहेर."

मृणाल हळूच म्हणाली, "आणि जिंकले."

"म्हणजे इतकी वर्षं," सई म्हणाली, "प्रॉब्लेम आई नव्हतीच!"

तेव्हापासून शेवटच्या क्वार्टरला गॅरेजमध्ये मी असतो. खुर्ची आरामशीर आहे, पंखा जरा कुरकुरतो. त्यांच्या टीमला सुट्टी असलेल्या शनिवारी तिसऱ्या पायरीवर मृणालचा फोन उभा असतो आणि त्यातून सई विचारते, "आई, व्हाय डू दे कीप स्टॉपिंग?" आता समजावून सांगायचं काम मृणाल करते. मी दाराला कान लावून ऐकतो, आणि "काय झालं?" म्हणून दार किलकिलं केलं, की दोघी एका सुरात ओरडतात, "आत येऊ नकोस!"

मग मी गाडीच्या कडेनं येरझाऱ्या घालतो आणि कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून ‘त्यांचं’ विजयगीत गुणगुणतो. डावा पाय आधी.